उरलेले १३.६ कुठे गेले?

हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन मोकळा करायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक) लागतात, हे मला तोंडपाठ होतं. त्यामुळे ‘स्थिर हायड्रोजन अणूवर दुसरा हायड्रोजन अणू आदळला, तर आयनीभवनासाठी, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा होण्यासाठी, त्याची गतिज ऊर्जा किमान किती हवी?’ या गणिताला मी काही न मांडताच १३.६ लिहून मोकळा झालो. पुस्तकाच्या मागे उत्तर होतं २७.२.

छपाईची चूक असेल असंच आधी वाटलं. दोन दिवस कक्षा, ऊर्जापातळ्या, सगळं उलटंपालटं करून पाहिलं. गाठ सुटली ती अणूचं अंतरंग बाजूला ठेवून दोन गोळ्यांचा संवेग मांडला तेव्हा. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग; टकरीत त्याची एकूण बेरीज बदलत नाही.

एक गोळा वेगात येतोय, दुसरा स्थिर. टकरीनंतर दोन्ही जागच्या जागी थांबले, तर आधीचा संवेग कुठे गेला म्हणायचा? म्हणजे पुढे सरकणं भागच आहे. गतिज ऊर्जा सगळ्यात जास्त खर्ची पडते ती दोन्ही एकाच वेगानं पुढे गेले तर. वस्तुमान दुप्पट, म्हणून वेग निम्मा. वेगाचा वर्ग पाव, गुणिले दुप्पट वस्तुमान: बरोबर निम्मी गतिज ऊर्जा पुढे सरकण्यातच अडकून राहते! इलेक्ट्रॉनच्या वाट्याला उरलेली निम्मी. ती १३.६ हवी, तर आणायला हवेत २७.२.

मग हाच हिशेब मी इतर कणांना लावला. आदळणाऱ्याचं वस्तुमान भागिले स्थिर अणूचं, त्यात १ मिळवायचा आणि १३.६ नं गुणायचं. इलेक्ट्रॉन आदळला तर १३.६०७, कारण तो अणूच्या सुमारे १८३६ पट हलका. अल्फा कण, म्हणजे हायड्रोजन अणूच्या सुमारे चौपट जड असलेलं हेलियमचं केंद्रक, आदळला तर जवळपास ६८! जड कणाला कमी ऊर्जा पुरेल अशी माझी पक्की समजूत होती. ती इथे पार उलटी झाली. अर्थात हा नुसता उंबरठा. तेवढी ऊर्जा असली म्हणजे प्रत्येक टकरीत आयनीभवन होईलच असं नाही.

सगळ्यात आनंद शेवटच्या पडताळ्यानं दिला. २७.२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या हायड्रोजन अणूचा वेग सेकंदाला सुमारे ७२ किलोमीटर येतो. आपणही त्याच दिशेनं ३६ च्या वेगानं निघालो आहोत असं धरलं, की दोन्ही अणू समोरासमोरून ३६-३६ नं येताना दिसतात. प्रत्येकाकडे ६.८, एकूण संवेग शून्य. आता दोघं टक्कर होऊन थांबू शकतात, काहीच अडकून राहत नाही. बेरीज १३.६.