तिचा बडी कोण होता?

आजची सकाळची डाइव्ह डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतेय. मी डाइव्हमास्टर आहे, म्हणजे स्कूबा डायव्हिंगला आलेल्यांना समुद्राखाली घेऊन जाणारी. एकटे फिरायला आलेले लोक बोटीवर आले की त्यांच्या जोड्या मीच लावते; पाण्याखाली एकमेकांवर लक्ष ठेवायचं, त्या जोडीदाराला बडी म्हणतात. लोकांना वाटतं आमचं काम पाण्याखालचं, पण खरं जोखमीचं काम बोटीवरच्या त्या दहा मिनिटांत असतं, हातात नुसता एक कागद असतो, सर्टिफिकेशन कुठलं, डाइव्ह किती झाल्या, शेवटची कधी केली, आणि तेवढ्यावरून ठरवायचं कोणाला कोणाच्या भरवशावर खाली न्यायचं.

आज सहा जण होते. त्यातले दोघं एकेकटे आलेले. एक कॅमेरावाले गृहस्थ, तीनशेच्या वर डाइव्ह. दुसरी एक मुलगी, २२ डाइव्ह. मी दोघांना एकत्र लावलं, अनुभवी माणूस नवखीला सांभाळेल या हिशोबाने. सगळेच असं करतात, मीही इतकी वर्षं तेच करत आलेय.

ती मुलगी प्रश्न फार विचारत होती आणि मला खरं सांगायचं तर त्याचा कंटाळा आला होता. तुमचा ऑक्टोपस (दुसऱ्याला हवा द्यायला ठेवलेला जादा माउथपीस) कुठे अडकवलाय, माझा इथे आहे. आपल्यात अंतर किती ठेवायचं? चुकामूक झाली तर एक मिनिट शोधायचं आणि मग वर यायचं ना? टँकमधल्या हवेचा दाब किती बारवर आला की एकमेकांना सांगायचं? गृहस्थ म्हणाले, "तुम्ही माझ्या मागे राहा, काही होत नाही." ती म्हणाली बडी चेक करूया, म्हणजे एकमेकांचं सामान तपासूया, तर म्हणाले माझं सगळं बघून झालंय. आणि मी, करंट वाढायच्या आत खाली जायचं म्हणून, "चला चला" म्हणाले. हे मी म्हणाले, दुसरं कोणी नाही.

आता यात एक गोष्ट आहे जी बाहेरच्यांच्या लक्षात येणार नाही. त्यांनी स्वतःचं चेक केलं होतं ते खरंच होतं, मी पाहिलंय. पण नंतर, ते टँक पाठीला लावून कडेला बसलेले असताना, बोटीवरच्या एका मदतनीसाने जाता जाता त्यांच्या टँकचा नॉब, म्हणजे हवेचा व्हॉल्व्ह, फिरवला. पूर्वी शिकवायचे की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि पाव वळसा मागे घ्या. ती सवय अजून लोकांच्या हातात आहे. त्याने उलट केलं, पूर्ण बंद केला आणि पाव वळसा उघडला. मदत म्हणून दुसऱ्याच्या टँकला हात लावणाऱ्यांचा मला भयंकर राग आहे, किती वेळा सांगितलं तरी थांबत नाहीत.

असा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह वर अगदी नीट चालतो. एक-दोन श्वास घेतले तर काही कळत नाही. कळायचं असेल तर टँकमधला दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघत चार-पाच मोठे श्वास घ्यायला लागतात, व्हॉल्व्ह नीट उघडा असेल तर काटा हलत नाही, नसेल तर प्रत्येक श्वासाला खाली जातो आणि परत वर येतो. समोर बडी उभा करून हे अगदी शेवटी, पाण्यात उडी मारायच्या आधी करायचं, ते याचसाठी.

२२ मीटरवर दाब वरच्यापेक्षा तिप्पट असतो, थोडा जास्तच, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही तिप्पट लागते. पाव वळशाच्या फटीतून तेवढी येत नाही. मी तेव्हा पुढच्या जोडीकडे बघत होते. मागे वळले तेव्हा गृहस्थ कॅमेरा सोडून वळलेले, डोळे मोठे झालेले, नो एअरची खूण करायचंही सुचलं नव्हतं त्यांना. आणि त्या मुलीचा हात आधीच पुढे आला होता, पिवळा ऑक्टोपस त्यांच्या तोंडासमोर. दुसऱ्या हाताने तिने त्यांच्या बीसीडीचा, म्हणजे अंगातल्या हवेच्या जॅकेटचा, पट्टा धरलेला. मी पोचेपर्यंत ते तिच्या हवेवर श्वास घेत होते. तिने मला आधी गेज दाखवलं, १२० बार, मग अंगठा वर केला, म्हणजे वर जाऊया.

मी त्यांच्या मागे हात घालून नॉब फिरवला तर तो फिरतच राहिला. तो फिरतच जातोय हे हाताला कळलं तो क्षण अजून जात नाही.

त्यांचा रेग्युलेटर, म्हणजे टँकमधली हवा तोंडाशी देणारं उपकरण, परत चालू झाला तरी आम्ही डाइव्ह संपवली. हळूहळू वर, पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, सगळं व्यवस्थित. तिने शेवटपर्यंत पट्टा सोडला नाही.

बोटीवर सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, मीही केलं. पण मला टोचतंय ते वेगळंच. ती हाताच्या अंतरावर होती कारण ती पूर्ण वेळ त्यांच्याकडेच बघत होती. ते प्रवाळात डोकं घालून फोटो काढत होते, त्यांनी मागे वळून पाहिलं ते फक्त स्वतःची हवा अडकल्यावर. हेच उलट झालं असतं तर? तिचा नॉब असता तर तिला तीनशे डाइव्हवाल्या माणसाच्या पाठीवर थापा मारत बसावं लागलं असतं. ती त्यांची बडी होती. तिला बडी नव्हताच, आणि ती जोडी मी लावली होती.

संध्याकाळी लॉगबुकवर शिक्का घ्यायला आली, बडीच्या सहीची जागा कोरी होती. मी म्हटलं, त्यांची सही घेऊन ये ना. ती म्हणाली, "ताई, त्यांनी एकदा तरी माझं गेज विचारलं का?"

मग ते गृहस्थ आले, मनापासून आभार मानले तिचे, आणि मला म्हणाले उद्याही आमची जोडी ठेवा. ती शांतपणे नको म्हणाली.

तिला मी उद्या माझ्याबरोबर घेतलंय. त्यांच्या नावासमोरची जागा अजून मोकळी आहे. दोनदा नाव लिहिलं आणि खोडलं.