क्रियापदाखालची तांबडी रेघ : आमची वाटचाल

आमच्या व्यवसायाचे मूळ भांडवल कोणते, असे कोणी विचारले की मी आजही एक तांबडी-निळी पेन्सिल दाखवतो. ती आमच्या पहिल्या भागीदारांची. ते निवृत्त केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर देखरेख करणारे अधिकारी, आहेत आणि आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. इंग्रजीच्या अध्ययन निष्पत्तींचा, म्हणजे त्या त्या इयत्तेत मुलाला काय करता यायला हवे ते सांगणाऱ्या विधानांचा, कागद हाती आला की सर आधी क्रियापदाखाली तांबडी रेघ ओढतात, ज्या अटीवर ती कृती व्हायची ती अट निळ्या टोकाने अधोरेखित करतात, आणि मगच तोंडातून शब्द काढतात. या दोन रेघांवर आमची सगळी पत्रके, कार्डसंच आणि प्रशिक्षणे उभी आहेत.

राज्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हा मी छपाईच्या धंद्यात होतो. प्राथमिक शिक्षण अभ्यासक्रम २०१२ आल्यावर सरांबरोबर पहिली विवरण-पुस्तिका काढली. खरे काम मात्र २०१७ साली सुरू झाले. त्या वर्षी शिक्षण हक्काच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन अध्ययन निष्पत्तींचा समावेश झाला, एनसीईआरटी या राष्ट्रीय शैक्षणिक संस्थेचा निष्पत्तींचा दस्तऐवज आला, आणि हे विधान वर्गात नेमके कसे उतरवायचे, हा प्रश्न घेऊन शिक्षक आमच्याकडे येऊ लागले.

पहिलीच्या इंग्रजीतली एकच निष्पत्ती घ्या. गोष्टीवर किंवा कवितेवर विचारलेल्या आकलनाच्या प्रश्नांना मूल तोंडी प्रतिसाद देते, आणि तो कोणत्याही भाषेत, अगदी सांकेतिक भाषेतही चालतो. तांबडी रेघ ‘प्रतिसाद देते’ याखाली आणि निळी ‘कोणत्याही भाषेत’ याखाली येते. ही निळी रेघ नजरेतून सुटली की इंग्रजी गोष्ट नीट समजलेले मूल केवळ उत्तर मराठीत दिले म्हणून मागे पडलेल्यांच्या यादीत जाते. तिसरीत स्वतःच्या अनुभवावर पाच-सहा वाक्ये लिहिण्याची अपेक्षा आहे, पण तीही शाब्दिक किंवा चित्ररूप संकेतांच्या आधारे. ते संकेत फळ्यावर न देता कोरा कागद पुढे ठेवणे म्हणजे मुलाची नव्हे, आपल्याच वाचनाची परीक्षा घेणे होय.

आमची सगळ्यांत जुनी ग्राहक म्हणजे एका द्विशिक्षकी शाळेतल्या बाई. पहिली-दुसरीचे वर्ग एकत्र बसवून शिकवणाऱ्या या बाई दर जूनमध्ये एक संच घेतात आणि दिवाळीपर्यंत त्याच्या कडा झिजवून आणतात. एकदा त्यांनी कार्डाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने केलेली नोंद दाखवली होती. मांजर कुठे लपले, असे गोष्टीनंतर इंग्रजीत विचारल्यावर एका मुलाने “हातरुणाखाली” असे उत्तर दिले होते. बाईंनी आकलनाची निष्पत्ती साध्य धरली, आणि ‘इन’, ‘ऑन’, ‘अंडर’ वापरण्याची निष्पत्ती अद्याप बाकी ठेवली. एका उत्तरातून दोन निष्पत्तींचा असा वेगवेगळा निवाडा करणारी नोंद मी त्यापूर्वी पाहिली नव्हती. ते कार्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

आता २०१८ सालाबद्दल. एका मोठ्या प्रकाशकाने त्या वर्षी निष्पत्तीनिहाय तयार नोंदवही बाजारात आणली. प्रत्येक निष्पत्तीपुढे पाठ्यपुस्तकातले एक पान आणि त्यापुढे तीन तयार वर्णनात्मक नोंदी. शिक्षकाने फक्त खूण करायची. मूळ दस्तऐवजात सुचवलेल्या शैक्षणिक प्रक्रिया आणि निष्पत्ती शेजारी शेजारी असल्या तरी त्यांची एकास एक जोडी नाही, एक कृती अनेक निष्पत्तींना उपयोगी पडते. या वहीने सगळ्याची जोडी लावून टाकली. शिक्षकांचा नोंदींचा भार मला ठाऊक आहे, म्हणून वही घेणाऱ्यांना मी कधी दोष दिला नाही. दुःख वेगळेच होते. वहीसोबतच्या चित्रकार्डांत खुर्चीवर बसलेल्या मांजराखाली ‘अंडर’ छापले होते. ती चूक आमची होती. पहिल्या छपाईत ती आमच्याकडून झाली होती, आणि प्रत्येक ग्राहकाला चिकटवण्यासाठी दुरुस्तीची पट्टी आम्ही स्वखर्चाने पाठवली होती. आमचे कार्ड उचलणाऱ्याला ती पट्टी मिळाली नव्हती, एवढाच काय तो फरक. मी वकिलाकडे जाऊन आलो, पण दाव्याचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. आजही त्या मांजराचे चित्र समोर आले की माझा दिवस खराब जातो.

आमच्या ग्राहक असलेल्या एकशे चाळीस शाळांपैकी एकतीस उरल्या. बांधून ठेवलेले नऊशे संच गोदामात पडून राहिले, कागदवाल्याची उधारी थकली, आणि शेवटी कटिंग मशीन विकावे लागले. त्यानंतरचे आठ महिने सर आणि मी पोलादी पट्टी आणि कटर घेऊन जाड कार्डशीट हाताने कापत होतो. जाड कागद एका दमात कापू नये. तीन हलके हात फिरवले की कड फाटत नाही. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना आणखी एक सांगतो, शाळांना माल उधार द्यायचा तर मार्चअखेरीच्या भरवशावर देऊ नका, आणि यंत्र विकण्यापूर्वी गोदामातला माल निम्म्या किमतीत काढा. मी नेमके उलट केले.

सावरलो ते बाईंमुळे. आपल्या केंद्रातल्या, म्हणजे शाळांच्या गटातल्या, शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत त्यांनी ती नोंदवही आणि आमचे कार्ड शेजारी ठेवले, पहिलीची तीच निष्पत्ती फळ्यावर लिहिली आणि सहकाऱ्यांना अट शोधायला सांगितली. त्या बैठकीनंतर सतरा शाळा परत आल्या. पुढे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हाही त्या शाळांनी आगाऊ मागणी नोंदवून आम्हाला तगवले.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की निष्पत्ती पाठ करू नका, ती मुलाच्या शेजारी बसून वाचा. आठवड्याला दोनच घ्या. मूल काय करताना दिसले ते क्रियापदात लिहा; ‘चांगले’, ‘समाधानकारक’ हे शब्द त्या मुलाबद्दल काहीच सांगत नाहीत.

सध्या काम चालू आहे ते पायाभूत स्तरासाठीच्या, म्हणजे बालवाडीपासून दुसरीपर्यंतच्या, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यावर. ऑक्टोबर २०२२ च्या या आराखड्यात आधी अभ्यासक्रमीय ध्येये, त्यांखाली क्षमता आणि त्यांखाली निष्पत्ती अशी उतरंड आहे. पहिल्या भाषेत ओघवते वाचन-लेखन अपेक्षित आहे. दुसऱ्या भाषेबाबत अकरावे ध्येय एवढेच म्हणते की मुले त्या भाषेत वाचू-लिहू लागतात. मराठी शाळेत ही दुसरी भाषा इंग्रजी असेल, तर पहिली-दुसरीच्या मुलांकडून किती मागायचे, याचे उत्तर ‘लागतात’ या एका शब्दात आहे. सरांची नजर आता अधू झाली आहे. तरी मागच्या सोमवारी त्यांनी भिंगातून मुद्रित तपासले, त्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली आणि ती रेघ कार्डावरही छापायला सांगितली. दुरंगी छपाईचा खर्च वाढतो आहे, पण छापतो आहोत. पहिला संच बाईंकडे जाईल.