बोनेटची डावी बिजागरी

रत्नागिरीजवळच्या किनाऱ्यावरून आलेली हॅचबॅक. बोनेट नीट बसत नाही, पुढचं लॉक सेट करून द्या, एवढंच मालकांचं म्हणणं. लॉकमध्ये काहीच बिघाड नव्हता. मागे काचेच्या बाजूला, डाव्या बिजागरीच्या जरा पुढे, पत्र्याला वीतभर लांब आडवी घडी पडली होती. गाडी कुठे ठोकलेली नव्हती.

बिजागरीची पिन गंजून जाम झाली की हे होतं. बोनेट आपण पुढून उचलतो, फिरायचं असतं मागच्या टोकाला. पिन फिरली नाही तर सगळा जोर पत्र्यावर, आणि हा पत्रा एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतो. "जड लागायचं हो, म्हणून दोन्ही हातांनी दाबून लावायचो," मालक म्हणाले.

उजवी बिजागरी मोकळी, मग डावीच का? वायपरखालची जाळी काढली, तर डाव्या कोपऱ्यात आंब्याच्या पानांचा लगदा आणि पाणी जायचं भोक बुजलेलं. शिवाय त्या बाजूचं फेंडर (चाकावरचा बाजूचा पत्रा) आधी कुठेतरी रंगवलेलं होतं, आणि रंग थेट बिजागरीच्या सांध्यात गेला होता. असा रंग पहिल्यांदा बोनेट उघडताच तडकतो आणि त्या चिरेमागे खारं पाणी बसून राहतं. रंगवताना सांधा झाकायला वीतभर मास्किंग टेप लावायचा आळस! पानं की रंग, हे अजून डोक्यात घोळतंय. माझा कल रंगाकडे, कारण गंज चिरेपासूनच आत शिरलेला दिसत होता.

पिन रिव्हेट केलेली, त्यामुळे ठोकून बाहेर काढायचा प्रश्नच नाही. गॅसची ज्योतही नको, बाजूला वायपरचं प्लास्टिक असतं. बोल्ट सोडण्याआधी बिजागरीभोवती मार्करने रेघ मारली. ही रेघ नसेल तर नंतर फेंडरशी गॅप जुळवण्यात अख्खी दुपार जाते. बोनेट दोघांनी धरायचं, एकट्याने केलं तर कोपरा काचेवर जातो. पिनीच्या दोन्ही टोकांना पेनिट्रेटिंग ऑइल घालून रात्रभर ठेवलं. सकाळी बिजागरी हाताने थोडी थोडी हलवली, तसा तपकिरी चिखल बाहेर येऊ लागला. तो पुसायचा, पुन्हा ऑइल, पुन्हा हलवायचं; फडक्यावर डाग पडेनासा होईपर्यंत.

बरेच जण इथेच थांबतात, आणि माझी खरी चिडचिड त्यावर आहे. हे ऑइल गंज सोडवतं, पण पातळ असल्यामुळे फार दिवस टिकत नाही. ते पुसून पांढऱ्या लिथियम ग्रीसचा स्प्रे, बारीक नळी लावून, सांध्याच्या फटीत सेकंदभर मारायचा. मग बिजागरी दहा-बारा वेळा उघडमीट करायची आणि बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाकायचं, नाहीतर लाल माती चिकटून तिचीच सांधा झिजवणारी पेस्ट होते. दारांच्या बिजागऱ्यांनाही हेच. रबरी बीडिंगला मात्र सिलिकॉन. पेट्रोलियम ग्रीसने रबर फुगतं.

किनाऱ्यावरच्या गाडीला हे मे अखेरीस एकदा आणि पाऊस उघडल्यावर पुन्हा लागतंच. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून बिजागरीवर मारला की ग्रीस धुऊन निघतं, त्यामुळे अशा धुलाईनंतरही.

पिन सुटली, बोनेट आता एका हाताने वर जातं. डेंटरने घडी बरीचशी काढली, पण ताणलेला पत्रा पूर्ण सपाट होत नाही. बोनेट बदलायचं की तेच ठेवायचं, हे मालकांनी अजून ठरवलेलं नाही.