डेडलिफ्ट बिघडते ती बार सुटण्याआधीच

डेडलिफ्ट म्हणजे प्लेट लावलेला बार (लोखंडी दांडा) जमिनीवरून उचलून ताठ उभे राहण्याचा व्यायाम. तो करणाऱ्याला जिममध्ये चारी बाजूंनी ‘पाठ सरळ ठेव’ असे सांगितले जाते. सूचना बरोबर आहे, पण ती बहुधा उशिरा मिळते. कारण बार जमिनीवरून सुटल्यावर जड वजनाखाली गोल झालेली पाठ सावरणे फार कठीण असते.

आधी बारची उंची पाहावी. स्पर्धेतील मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असल्यामुळे बार जमिनीपासून साधारण २२.५ सेंटिमीटरवर राहतो. आपल्याकडच्या अनेक जिममधील ५ किंवा १० किलोच्या लोखंडी प्लेट त्याहून बऱ्याच लहान असतात आणि त्या लावल्या की बार खाली जातो, म्हणजे ज्याला वजन कमी पेलते त्या नवशिक्यालाच सर्वांत जास्त वाकावे लागते. हा उफराटा प्रकार टाळण्यासाठी दोन्ही बाजूंना खाली काही प्लेट आडव्या रचून बार योग्य उंचीवर आणावा. ट्रेनरने कितीही ओरडून जे साधत नाही, ते पुष्कळदा एवढ्याने साधते.

दुसरी गोष्ट बारच्या जागेची. टाचेसह संपूर्ण पावलाचा मध्य धरला, तर बार बुटाच्या लेसच्या गाठीवर येतो. बार पकडल्यावर गुडघे वाकवून नडगी बारला टेकवावी, बार नडगीकडे ओढू नये. भरलेली कळशी कमरेला टेकवून नेणे आणि हात लांब करून नेणे यांत जो फरक आहे, तोच अंगालगतच्या आणि पुढे गेलेल्या बारमध्ये आहे.

डेडलिफ्ट म्हणजे बैठक नव्हे. नितंब फार खाली नेले, तर बार हलण्याआधी ते आपल्या जागी वर येतात आणि सगळा भार कंबरेवर पडतो. पोटात श्वास भरून, हात सरळ ठेवून, बार प्लेटच्या भोकात टेकल्याचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत हलका ताण घ्यावा आणि मगच पायांनी जमीन रेटावी. झटका मारणाऱ्याचे कोपर वाकतात. उलटसुलट पकडीत (एक तळवा पुढे, दुसरा मागे) तर तळवा पुढे असलेल्या हाताच्या बायसेप्सला त्यामुळे दुखापत होऊ शकते.

जाड, मऊ तळाचे धावण्याचे बूट काढून ठेवावेत. वर पोहोचल्यावर मागे झुकण्याची हौसही आवरावी. ताठ उभे राहणे पुरेसे असते.

सेटमध्ये प्लेट जमिनीवर आपटून त्या उसळीवर पुढची रेप (उचल) घेणे मला मुळीच पटत नाही, कारण त्यात उचलण्याआधीची मांडणीच गळून जाते. बार पूर्ण थांबू द्यावा, श्वास पुन्हा भरावा आणि मगच उचलावा. रेप कमी झाल्या तरी चालतील.