आमच्या घरामागचा ओत

टोरांटोत नवीन होतो तेव्हा रस्त्याकडेला एक पाटी दिसली. इथून डॉन नदीचं पाणलोट क्षेत्र सुरू, म्हणजे इथं पडलेलं पाणी त्या नदीला जातं, अशा अर्थाची. आजूबाजूला नदीचा मागमूस नाही. दुकानं, पेट्रोल पंप, सिग्नल. हसूच आलं. पाणलोट म्हटलं की मला जत-आटपाडीकडचे बांध आणि चर आठवतात. शहराला कसलं आलंय पाणलोट?

सांगलीकराला नदी फुटांत कळते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा मी इथं रात्रभर फोन हातात धरून बसलो होतो. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीत किती अडवलंय, हे आम्हाला तोंडपाठ. पण आपल्या गच्चीवरचं पाणी कुठं जातं, असं कुणी विचारलं की आम्ही गप्प.

इथल्या लोकांनाही हे शहाणपण फुकट मिळालेलं नाही. ऑक्टोबर १९५४मध्ये हेझल चक्रीवादळ आलं आणि रेमोर ड्राइव्ह या एका रस्त्यावरची १४ घरं हंबर नदीनं रातोरात नेली. ३५ माणसं गेली. मग पूरपट्ट्यातल्या जमिनी ताब्यात घेतल्या गेल्या आणि १९५७मध्ये पाणलोटांचा कारभार बघणारं प्राधिकरण उभं राहिलं. त्या घरांच्या जागी आता बाग आहे. आम्ही पोरांना घेऊन जातो. पूर आला की गवत बुडतं, बाकडी भिजतात. बास.

तरी हे लोक काही संत नव्हेत. गॅरिसन क्रीक, टॅडल क्रीक हे ओढे त्यांनीच पाइपात घालून वर रस्ते केले. जुन्या शहरात सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच नळातून जातं. पाऊस मोठा झाला की ते मिसळलेलं पाणी नदीत आणि तळ्यात. सांगलीचं सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरीनाल्याची आठवण यायला आणखी काय पाहिजे! म्हणून आता छपराचा पन्हाळी-पाइप गटारापासून तोडून बागेत सोडायचा, असा नियमच आहे. मीही आमचा करवतीनं कापला. खालच्या तोंडाला टोपण मारलं, वरच्याला कोपर जोडला, आणि पाण्यानं माती उकरू नये म्हणून खाली फरशीचा तुकडा ठेवला. पहिल्याच पावसात भिंतीपासून लांब पाणी मुरताना बघितलं आणि व्हिडिओ सांगलीला आबांना पाठवला.

आबांचा लगेच फोन. "आपल्या शामरावनगरातल्या घरामागं ओत होता की, पावसाचं पाणी वाहून जायची वाट. प्लॉट पाडताना मुरूम टाकून बुजवला. नाहीतर एवढ्या स्वस्तात जागा मिळाली असती व्हय?"

दर पावसाळ्यात तिथं पाणी तुंबलं की मी इथून सगळ्या जगाला नावं ठेवतो.

"तुझ्यासारखा पाइप तोडतो मी," आबा म्हणाले, "पण पाणी सोडू कुठं?"

अंगणात गाडी लावायला काँक्रीट घाला म्हणून मागं लागलो होतो, तो मीच. पैसेही मीच पाठवले होते.