कळशी घेऊन चालणारी मुलगी

२०१९च्या ऑक्टोबरात भारतीय ॲनिमेशनचे जनक मानले जाणारे राम मोहन वारले. बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि ठरलेला धडा बाजूला ठेवला. ॲनिमेशन शिकणाऱ्या आमच्या मुलांनी त्यांचं नाव ऐकलं होतं, काम मात्र फारसं पाहिलं नव्हतं. म्हणून त्यांची 'मीना' ही कार्टून मालिका लावली, आंब्याच्या वाटणीचा भाग. भाऊ राजूला मोठा वाटा, मीनाला लहान. मग दोघं एका दिवसापुरती कामं बदलून घेतात आणि बहिणीचे कष्ट राजूच्या अंगावर येतात.

मुलं हसली, नंतर गप्प झाली. मी म्हटलं, आता डोक्यावर भरलेली कळशी घेऊन चालणारी मुलगी काढा. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या २४ चौकटी; एक चित्र दोन फ्रेम टिकवायचं, म्हणजे सेकंदाची १२ चित्रं.

तासाभरात सगळ्यांच्या मुली चालू लागल्या, पण सगळ्यांची डोकी वरखाली होत होती. एरवीच्या चालीत ते बरोबरच आहे. जव्हारकडची एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, अशी चालली तर पाणी अंगावर येईल की!" तिने कोपऱ्यातला पाण्याचा डबा डोक्यावर घेतला आणि चालून दाखवलं. मान स्थिर, गुडघे किंचित वाकलेले, पाऊल अलगद टेकतंय. सगळी हालचाल कमरेत. एक हात डब्याला, दुसरा तोल सांभाळत मोकळा. मुलांनी भराभर चित्रं पुसली. कळशीच्या तळाशी एक आडवी रेघ मारून ती बाराही चित्रांत तिथेच ठेवली, तेव्हा कुठे चाल जमली.

मग मी त्यांना 'मीना'ची गोष्ट सांगितली. युनिसेफच्या त्या मालिकेसाठी भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळमधल्या मुलांना आणि आईबापांना आधी विचारलं गेलं होतं. मीना कशी दिसावी, काय नेसावी, तिच्या घरात काय घडावं. चारही देशांत ती आपलीच वाटावी, अशी राम मोहन यांनी ती घडवली. जपानच्या युगो साको यांच्याबरोबर केलेलं त्यांचं 'रामायण' भव्य आहे, पण माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम मीनाच.

"पण तेव्हा राम मोहन यांची कंपनी चालायची कशावर?" एकाने विचारलं. प्रश्न रास्त होता. मद्रासचा हा रसायनशास्त्राचा पदवीधर १९५६ साली सरकारी फिल्म्स डिव्हिजनमध्ये लागला, डिस्नेहून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली शिकला. पुढे १९७२मध्ये स्वतःची कंपनी काढली. पोट भरलं जाहिरातींनी. शिवाय इतरांच्या चित्रपटांतले ॲनिमेशनचे तुकडे. 'शतरंज के खिलाडी'च्या सुरुवातीचा भाग त्यांचाच. २००६मध्ये, पंचाहत्तरीत, त्यांनी ॲनिमेशनची शाळा काढली. मिळकत आणि शिकवणं त्यांनी कधी वेगळं काढलं नाही, म्हणून आज या धंद्यात इतके हात आहेत.

त्या दिवसापासून आमच्याकडे चालीचा धडा पडद्यासमोर सुरू होत नाही. मुलं आधी बाजारात, फलाटावर जाऊन ओझं वाहणाऱ्या माणसांना बघतात, जमलं तर त्यांच्याशी बोलतात, आणि मग पेन हातात घेतात.