हिवाळ्यात घरात आणलेली रोझमेरी का मरते?

थंडी पडू लागली की कुंड्या घरात येतात आणि महिना-दोन महिन्यांत रोझमेरीचा, म्हणजे स्वयंपाकात वापरायच्या त्या सुगंधी पानांच्या झुडपाचा, खराटा होतो. बोल थंडीला लावला जातो, पण तिला मारतात ती घरातली ऊब, अपुरा उजेड आणि वरून प्रेमाने ओतलेलं पाणी.

बाहेर सहा-आठ तास ऊन खाणारं झाड खिडकीपासून मीटरभर आत ठेवलं, तर त्याच्या वाट्याला येणारा उजेड कितीतरी घटतो. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते, म्हणून ते कळत नाही. उजेड कमी म्हणजे वाढ कमी, वाढ कमी म्हणजे पाण्याची ओढही कमी. पाणी मात्र उन्हाळ्याच्या हिशेबाने चालू राहतं आणि मुळं कुजतात. त्यात रोझमेरी मान टाकत नाही. मुळं गेल्यावरही पानं बरेच दिवस हिरवी दिसतात. हात लावल्यावर झडतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून रोझमेरी आणि तिच्यासारख्याच सुगंधी पानांच्या थाइम आणि सेज यांना घरातली सगळ्यात उजेडाची, पण गार जागा द्या. १० ते १५ अंश सेल्सिअस उत्तम. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडची खिडकी, हीटरपासून लांब. एवढा उजेड नसेल तर साधा पांढरा एलईडी शेंड्यापासून १५ ते ३० सेंटिमीटरवर लावून टायमरने १२-१४ तास चालवा. झाडांसाठी म्हणून मिळणाऱ्या जांभळ्या दिव्यांची गरज नाही. पेरं लांबून फांद्या फिकट, लुळ्या होऊ लागल्या की दिवा खाली आणा. खत घालून ते सुधारत नाही, उलट बिघडतं.

वरची दोन-तीन सेंटिमीटर माती कोरडी झाल्यावरच पाणी द्या, पण खालपर्यंत मुरेल असं. ताटलीत साचलेलं अर्ध्या तासात ओता. मातीत बोट खुपसून पाहण्यापेक्षा कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेणं जास्त भरवशाचं. मातीचा गोळा पूर्ण वाळू देणंही रोझमेरीला सोसत नाही, ही तिची खोड.

कोरड्या, उबदार हवेत लाल कोळी ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड माजते. पानांवर बारीक फिके ठिपके, पेरांत जाळी. पानांवर पाणी फवारून हवा जेमतेम काही मिनिटं दमट राहते, त्याने कोळी हटत नाहीत. मावा आणि कोळी बहुधा बाहेरूनच येतात, तेव्हा कुंडी आत आणण्यापूर्वी पानं खालून जोरदार धारेने धुवा आणि आठवडाभर वेगळी ठेवा. नंतर दिसलेच तर कीटकनाशक साबण पानांच्या खालच्या बाजूने फवारा. अंडी त्याने मरत नाहीत, म्हणून पाच-सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. खायच्या आधी पानं धुवायची, हे आलंच.

बेसिलचं जुनं झाड वाचवायच्या फंदात पडू नका. १० अंशांखाली त्याची पानं काळी पडतात. थंडीआधीच १० सेंटिमीटरचे शेंडे कापून, खालची पानं काढून पाण्यात ठेवा. एक-दोन आठवड्यांत मुळं फुटतात. पार्सलीला दुसऱ्या वर्षी फुलोरा येऊन पानं कडवट होतात, त्यामुळे नवं बीच पेरलेलं बरं. उगवायला तीन आठवडे लागू शकतात.

चाइव्ह्जचं, म्हणजे कांद्याच्या पातीसारख्या बारीक पातीचं, उलट आहे. त्यांना लगेच आत आणलं तर ती मरगळतात. पाती वाळून कंद काही आठवडे गारठ्यात झोपू द्या, मग कुंडी खिडकीत आणा. नवी पात सरळ, जाड येते.